लिननरूम, गुरुवार

परळच्या आमच्या इस्पितळात
गुरुवारी दुपारी एकला, पाळी बदलायच्या आधी,
लिननरूममध्ये बसतो आम्ही सहा-सात जण.
केणी सिस्टरांनी सुरू केलं हे. नियम एकच :
‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य
बाहेर ठेवायचं, चपलांपाशी.
आणि हात रिकामे नकोत. कपडे मोजायचे.

मागच्या खेपेला डॉक्टर वाच्छा बोलले,
दोन पेशंट, एक मशीन, त्या रात्रीबद्दल.
कुणी काही म्हणालं नाही.
अभ्रे अठ्ठेचाळीस भरले.

आज मी.
बेड अकरा. सदाशिव गोरिवले. गोदीत क्रेन चालवायचे.
मुलाने जिन्यात गाठून हात जोडले :
आबांना सांगू नका, खचतील.
आणि पहाटे तीनला, सलाइन बदलताना, आबा :
‘सिस्टर, हुक लावला की
खालून वजन ओरडून सांगायचे आम्हाला.
न सांगता उचललं तर दोर तुटतो.
किती आहे?’

मी म्हटलं, इन्फेक्शन आहे. उतरेल.
त्यांनी मान हलवली. थँक्यू म्हणाले.
दहाव्या दिवशी बेड रिकामा.
रिपोर्टबुकात सगळं आहे, नाडी, ताप, लघवी किती एमएल.
ते थँक्यू कुठल्या रकान्यात लिहू?

पंख्याचा आवाज नुसता.
मग कोपऱ्यातून यशोदामावशी, आमच्या आयाबाई,
टॉवेलांवरची नजर न काढता :
‘मलाही विचारलं त्यांनी. भांडं द्यायला गेले तेव्हा.
मी सांगून टाकलं.
मला सांगू नका म्हणायचं
कुणाला सुचलंच नव्हतं ना.
खिडकीकडे बघत राहिले बराच वेळ. मग म्हणाले,
रात्रपाळीच्या त्या पोरीला कळू देऊ नका
मला माहीत आहे म्हणून.
खचेल.’

माझ्या तोंडून जे निघालं
ते हसू होतं की काय, अजून ठरलेलं नाही.

केणी सिस्टर अशा वेळी काही शिकवत नाहीत.
विरलेली चादर उजेडाकडे धरून
‘कंडेम’ म्हणाल्या, बाजूला टाकली.
दुसरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.
मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही.
जवळ आलो, लांब गेलो, जवळ आलो.

दोनला वॉर्डात. बेड अकरावर आता एक म्हातारी.
जिन्यात तिची सून,
हात जोडायच्या बेतात.
बसा आधी, म्हटलं.
पायरीवरच टेकलो दोघी. खालून कॅन्टीनचा वास येत होता.
‘त्यांना विचारलंय कुणी,
किती ऐकायचंय ते?’