फाइन

हा शब्द इंग्रजी आहे
हे मला दहावीपर्यंत ठाऊकच नव्हतं.
हुपरीत आमच्या दारात चप्पल काढायच्या आधी
व्यापारी विचारायचा,
"बाबगोंडा, टंच साठ. फाइन किती?"
अण्णा बोटांवर हिशेब करून सांगायचे,
किलोला सहाशे.
उरलेले चारशे म्हणजे तांबं, जस्त
आणि आमचं घर.

मग कॉलेजात मुली म्हणायला लागल्या, आय अॅम फाइन.
मला वाटायचं, किती टंचाच्या गं तुम्ही?

आज वाचनालयात पुस्तक अकरा दिवस उशिरा दिलं.
खिडकीतल्या मगदूमबाई म्हणाल्या, बावीस रुपये फाइन.
मी हसले. त्यांना वाटलं, पैसे नसतील.
का हसले ते सांगितलं तेव्हा
त्यांनी पावतीपुस्तक बाजूला सारलं,
शिवण उसवलेला जाडजूड कोश मांडीवर घेतला,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"मूळ लॅटिन. अर्थ, शेवट.
जे शेवटापर्यंत नेलं ते फाइन.
दंडही तोच. भरला की भांडण मिटलं."
आणि लगेच, "सुट्टे दे."

तिथून सीपीआर चालत दहा मिनिटं.
भवानी मंडपाच्या गर्दीत मला मूस दिसत होती.
टाकणखार पडला की मळी वर येते,
अण्णा ती गजानं ओढून काढतात,
पुन्हा आच, पुन्हा मळी,
आणि मग एकदम
झोपलेल्यानं डोळा उघडावा तसा लख्ख रस.
तेव्हा ते बोलायचे नाहीत.
भात्यावर बसलेल्या मला
नुसता हात करायचे, थांब.
एक फुंकर जास्त झाली की घट येते,
एवढंच कधीतरी म्हणाले होते.

वॉर्डात शिकाऊ डॉक्टरीण, नवीनच,
अण्णांच्या छातीला नळी लावून म्हणाली,
"काय आजोबा, फाइन ना?"
छत्तीस वर्षांचा धूर आहे त्या छातीत.
अण्णांनी मास्क बाजूला केला.
"आटणी झाल्याबिगर फाइन कसं सांगू, बाई?
वजन तेवढं सांगतो. त्रेचाळीस."

तिला कळलं नाही, तरी ती हसली.
मी मास्कचा पट्टा सैल करून परत बसवायला गेले,
तर माझा हात धरून विचारतात,
"पुस्तक दिलंस?"
दिलं.
"दंड?"
भरला.
"मग मिटलं की," म्हणाले अण्णा,
आणि केळी आणलीस काय,
ते विचारलं.