गळलेलं अक्षर

ते पत्र मी टाइप केलं होतं.
आधीच सांगून टाकते,
म्हणजे टाळ्या वाजतील तेव्हा
माझ्या हातांकडे तुमचं लक्ष राहील.

एकसष्ट सालचा मार्च.
जॉर्जियातलं आमचं काळ्या पोरांचं कॉलेज,
तांबड्या मातीत, पेकानच्या झाडांत.
आठवड्याला एकतीस डॉलर
आणि पाठ असलेली खुर्ची.
आमच्या घरात बसून पगार मिळवणारी
मी पहिली.

डीन हॅझलवुड सांगत गेले, मी बडवत गेले:
गोऱ्यांच्या हॉटेलात कॉफी मागून
संस्थेच्या नावाला बाधा आणल्याबद्दल…
त्यांचा आवाज कापला नाही.
माझी बोटंही नाहीत.
एक मूळ, दोन कार्बन.
आणि टॉलिव्हरमधला एक एल
माझ्या हातून गळला.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली.
व्हर्लीन टॉलिव्हर, वय एकोणीस,
कुणीतरी डोक्यावर ओतलेली साखर
अजून केसांच्या मुळाशी चिकटलेली.
पत्र पुढे सरकवलं. नावावर लाल पेन्सिलीची खूण.
‘काढायचं तर काढा,
पण नाव नीट लिहून काढा, बाई.
नाहीतर उद्या कसं कळणार
कुणाला काढलं होतं ते?’

करते दुरुस्त, म्हटलं.
ती गेली. जेवणाची सुट्टी झाली.
मी उकडलेलं अंडं सोललं, मीठ लावलं,
आणि फाइल कपाटात ठेवून दिली.

पुढचं भाषणात आलंच सगळं.
सोळा वेळा तुरुंग, एकदा मोडलेला जबडा,
मतदारयादीत चार हजार नावं.
हे मात्र आलं नाही
की ती प्रत्येकाकडून त्याचं नाव
अक्षर अक्षर वदवून घ्यायची.
यादीत एक चूक सापडली की
त्यांना अख्खा माणूस खोडता येतो, म्हणायची.
मीही उभी होते त्या रांगेत,
मान खाली घालून, दुसऱ्याच्या हॅटमागे.
‘पिंकस्टन,’ तिनं लिहिता लिहिता विचारलं,
‘मध्ये के आहे ना?’
बस, तेवढंच.
ओळखलं होतं की नाही,
चौसष्ट सालापासून विचार करतेय.

आज ग्रंथालयाला तिचं नाव.
बँडची पोरं घामाघूम,
हातात अंत्यविधीवाल्यांनी वाटलेले कागदी पंखे,
मी तिसऱ्या रांगेत, ‘माजी कर्मचारी’ असा बिल्ला लावून.
पडदा सरकला.
ब्राँझची पाटी उन्हात अशी लखलखली
की आधी कुणालाच काही वाचता येईना.
मला आलं.
एक एल.

काठी टेकत पुढे गेले.
अध्यक्षबाई तरुण आहेत, गोड बोलतात.
‘जुन्या फाइलवरूनच घेतलंय, मॅडम.
नोंदीत असंच आहे.’
‘नोंद मीच केली,’ मी म्हटलं.

माइक चालूच राहिला होता.

कुणी काही बोललं नाही.
मग व्हर्लीनची धाकटी बहीण, चाकांच्या खुर्चीतली,
पोट धरून हसायला लागली,
हसता हसता डोळे पुसायला लागली,
आणि पर्समधून लिपस्टिक काढून
माझ्या हातात दिली. लाल.

दोन अक्षरांमध्ये जागा नव्हती.
खाली काकपद केलं, वर एल:
एक उभी रेघ, पायाशी छोटी आडवी.
तेव्हा न कापलेला हात
आज असा कापला
की रेघ भलतीकडेच गेली.

नवी पाटी सहा आठवड्यांत येईल म्हणतात.
मी चार गल्ल्या पलीकडे राहते.
रात्री पाऊस झाला, की सकाळी
सफाईवाला डेलरॉय शिडीचा पाय धरतो,
ओरडतो, ‘सांभाळून, मिस पिंकस्टन!’
मी वर चढते. दोनच पायऱ्या.