साधं का पॉवर

शौकत बारगीरनं किल्ली देण्याआधी
मोबाईलवर काट्याचा फोटो काढून ठेवला:
दोन घरं आणि वर थोडं.
"हितंच आणून ठेवा. कमी नको,
जास्तीचं मी मागत नाही."
मी म्हटलं, काटा मला शिकवू नका.
एकोणीस हंगाम कारखान्याच्या काट्यावर बसलोय,
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
मधलं वजा करून पावती.

मिरजेतून बाहेर पडेपर्यंत दीड वाजला.
मागच्या सीटवर मालन, आडवी,
पोटाला सात टाके,
टाक्यांवर घरून आणलेली उशी
आणि उशीवर दोन्ही हात,
जणू उशीच पळून जाणार आहे.

माधवनगरच्या पुढं पंप.
आधी चुकीच्या बाजूला लावली,
टाकी कुठल्या अंगाला ते भाड्याच्या गाडीत
कोण विचारून घेतो?
पुन्हा वळसा. मागचा टेम्पो बोंबलला.

पंपावरच्या पोरीच्या छातीवर
'संदीप' नावाचा बिल्ला.
झाकण उघडलं तिनं. आत एक कागद चिकटवलेला,
खरवडून खरवडून त्यावर
'फक्त' एवढंच उरलेलं.
"साधं टाकू का पॉवर?"

फोन लावला शौकतला. वाजत राहिला.
शुक्रवार. नमाजाला गेला असणार.

लिटरमागं आठ रुपये जास्त.
भाड्याच्या बैलाला कुणी सरकी चारतं का,
माझा मेहुणा म्हणाला असता,
आणि हसला असता स्वतःच.
पण मी पाहिलाय एक, टोळीतला,
आमच्या काट्यापुढच्या रांगेत रात्री दोनला
मुकादमाच्या बैलाला
आपल्या भाकरीचा चतकोर देताना.
बैल त्याचा नव्हता. भाकरीही
सकाळसाठी राखलेली.
त्याची पावती मी फाडली आणि
पुढच्या गाडीला हात केला.

"काय फरक असतो गं त्यात?"
मागून मालनचा आवाज, आठ दिवसांनी
पहिल्यांदा जरा मोठा.
"गाडी सॉफ्ट पळते म्हणतात," पोरगी म्हणाली,
"मी कुठं चालवलीय."
"मग तेच घाला. हादरा कमी बसंल."

हादऱ्याचं पेट्रोलशी काही नातं नसतं.
हादरा पाट्यांचा, टायरचा, ठेकेदाराचा.
हे मला कळतं, पोरीलाही कळत असावं,
तिनं माझ्याकडं पाहिलं नळी हातात धरून.
मी म्हटलं, पॉवर. सहा लिटर.
"शून्य बघा," ती म्हणाली.
मी शून्य बघितलं.

तिथून तासगावपर्यंत
तीसच्या वर गेलो नाही.
प्रत्येक गतिरोधकाला थांबून,
एकेक चाक उतरवत,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा तसं.
ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं मला,
दोन ट्रॉल्यांसकट, गाणं लावून.
कवलापूर मागं पडल्यावर मालन म्हणाली,
"बघा, पडतोय की फरक."
मी आरशात बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शौकतनं
फोटो काढला, काट्याशी ताडून बघितला.
"बरोबर. उलट अर्धं घर वरच."
पॉवर टाकलंय, मी म्हटलं,
का म्हटलं कोण जाणे.
"ते काट्यावर कुठं दिसतंय," म्हणाला,
आणि डिपॉझिटच्या नोटा
थुंकी लावून मोजू लागला.

आमच्याही काट्यावर दिसत नाही.
उसाचं वजन मी सांगतो,
गोडी वर लॅबमध्ये बघतात.
एकोणीस हंगामांत
तो जिना मी चढलेलो नाही.

परत येताना एसटी.
खिडकीची काच खडखडत होती,
माझ्या शेजारी एक पोतं आणि त्याचा मालक.
प्रत्येक खड्ड्याला
मी उगीचच
आपल्या पोटावर हात ठेवत होतो.