टंच

इतवारीत माझं दुकान, चार फूट बाय सहा.
सोनं विकत नाही मी. सोनं सांगतो.
आईची पाटली, मोडलेली नथ,
लग्नात आलेलं आणि संशयात राहिलेलं काहीबाही
लोक काचेवर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात.
मशीन चाळीस सेकंद गुणगुणतं.
मग मी म्हणतो, एक्क्याण्णव साठ.
किंवा गप्प राहतो, आणि त्यांना कळतं.

बावीस वर्षं दुसऱ्यांची खोट काढली.

लोमेश माझ्याहून चौदा वर्षांनी लहान.
त्या रात्री सव्वा बाराला आला.
दिवसभर शेचाळीस, भिंती अजून तव्यासारख्या.
जेवला नाही. म्हणाला, "झोप येऊन राहिली दादा,"
आणि बुटांसकट आडवा झाला.
घोरायला लागला. मोठ्यानं, मधे थांबत,
टाकीतलं पाणी संपत आलं की पंप करतो तसं.
आई म्हणाली, "थकलं लेकरू. झोपू दे."
मी त्याचे बूट काढले.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं,
पंखा तीनवर केला, तोंड त्याच्याकडे वळवलं.
मग घरात फक्त कूलर ऐकू येत होता.

सकाळी ओठ, जांभळं खाऊन आल्यासारखे.

मेयोतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लोमेशएवढ्याच असतील.
विचारलं, "रात्री घोरत होता का?"
मी म्हणालो, हो. छान झोपला होता.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
"ते घोरणं नव्हतं," म्हणाल्या.
असं काही एक इंजेक्शन असतं.
मेयो आमच्या घरून स्कूटरनं सात मिनिटं.

तेरवी झाल्यावर रुपेन आला. त्याचा जोडीदार.
दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला.
"नेहमीचीच होती दादा. नेहमीचाच माणूस, नेहमीचाच भाव.
एक पुडी. अर्धी त्यानं, अर्धी मी."
अर्धी मी, म्हणाला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला,
जसे ते उसने आणले असावेत.

मला मूस आठवली.
नवा पोरगा सोन्यात तांबं टाकतो आणि ढवळायचं विसरतो.
लगड दिसायला पिवळीच.
एका टोकाला बावीस कॅरेट, दुसऱ्या टोकाला चौदा.
कोणतं टोक कोणाच्या वाट्याला,
ते ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं.
पण आमच्याकडे फार तर एखादं लग्न मोडतं.

रुपेननं खिशातून चांदीच्या कागदाची घडी काढली.
तळाशी उरलेलं. चार-दोन कण, मिठासारखे.
कुठल्याशा कारखान्यातलं, लांबलचक नावाचं काहीतरी
यात मिसळत असतात म्हणे आता.
माझा काटा एवढ्याशानं हलतही नाही.
"पाहून दे ना दादा, काय हाय यात."

ठेवलं. काय करणार.
चाळीस सेकंद.
सोनं शून्य. चांदी शून्य. तांबं शून्य. जस्त शून्य.
"याले धातूच दिसते रे," मी म्हणालो.

आणि त्याचा हात पुढे आला. पुडी परत घ्यायला.
सवयीनं. गिऱ्हाईक दागिना उचलतं तसा.
मी मनगट धरलं.
ओढलं नाही त्यानं, मीही काही बोललो नाही.
अंगठ्याखाली नाडी उडत होती.
बाहेर कोणीतरी शटर वाजवून निघून गेलं,
तरी सोडलं नाही.

आता मे पुन्हा आला आहे.
रात्री दोनदा-तीनदा उठून मी कूलर बंद करतो,
घाम फुटेपर्यंत अंधारात उभा राहतो, ऐकतो.
आईचा श्वास. बायकोचा. पोरीचा, जरा नाक चोंदलेला.
गरम होऊन आई जागी होते.
"लाईट गेली काय रे?"
हो, म्हणतो मी.
येईल. झोप तू.