दक्षिणेची खुर्ची

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, असरची बांग झाली की
मनामातल्या त्या पिवळ्या बंगल्याचं कुलूप मी काढायचो.
फडकं, राखुंडी, वाटीत पाणी.
मखमलीच्या पेटीतून एकेक काढून टेबलावर मांडायचं:
गुण्या, पाणसळ, ओळंबा.
सगळं चांदीचं, करंगळीएवढं.
पहिल्यांदा हसूच आलं.
याच अवजारांवर माझ्या बापानं
वेंगुर्ल्यात जांभ्याची अर्धी पेठ उभी केली,
आणि हे साहेब ती गळ्यात घालतात!

डिमेलो सांगायचा. तो दारावरचा,
हातात तलवार, गुडघ्यांत वात.
"गुण्यावाला मास्टर, बाबल. पूर्वेला बसतो, दिवस उघडतो.
पाणसळवाला पश्चिमेला. काम संपलं की मजुरी चुकती करणार तो,
कोणी नाराज घरी जाता नये.
ओळंबावाला दक्षिणेला.
सूर्य डोक्यावर आला की त्यानं म्हणायचं,
थांबवा आता, जरा विसावा घ्या."
"दक्षिणेला? ती तर यमाची बाजू."
डिमेलोनं छातीवर क्रूस काढला आणि हसला.
चिटणिसाच्या गळ्यात दोन लेखण्या, खजिनदाराच्या किल्ली,
एकाच्या नुसती थैली,
विधवा आणि आजारी यांची विचारपूस त्याच्याकडे.
"आणि तुझं काम?"
"माझं काम आत न जाणं."

गुडघे धरले की तो स्टुलावर बसे,
तलवार माझ्याकडे.
दारापलीकडचे शब्द कळत नसत, ठोके कळत.
वीट भरीव की पोकळ, गवंडी आवाजावर सांगतो.
तीन ठोके पूर्वेचे, तीन पश्चिमेचे,
मग दक्षिणेचे, जरा उशिरा, हलके,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं तसे.
ते विजयकर साहेबांचे.

दिवसा विजयकर साहेब आमचे इंजिनिअर.
बंदरावर गोदाम चाललेलं.
जुलै. समुद्राची वाफ अंगाला गिलाव्यासारखी.
बाराला सावली पायाखाली शिरायची
आणि काम चालूच.
त्या मंगळवारी शाहमुराद, ग्वादरकडचा, सतरा वर्षांचा,
डोक्यावरच्या पाटीसकट खाली बसला.
उठला नाही.
डॉक्टरनं काय लिहिलं ते आम्हाला वाचता येईना.
पश्चिमेच्या दुबाश साहेबांनी चौऱ्याऐंशी रुपये मोजले,
तेव्हा इथे रुपयाच चालायचा.
अंगठा कोणाचा घ्यायचा, एवढाच घोळ झाला.

त्या गुरुवारी ओळंबा पुसत राहिलो.
फितीला धरून लोंबता ठेवला,
हलला, डुलला, सरळ झाला.
त्याला दुसरं काही येतच नाही.
विजयकर साहेब आले, मान वाकवली.
फीत मी घातली.
मानेवर उन्हानं सोललेली कातडी होती.
कोणीच काही बोललो नाही.

शनिवारी, बाराला, मी परांचीवर.
थापी उलटी धरली
आणि लोखंडी नळीवर मुठीनं तीन ठोके दिले.
तसेच. तेवढंच अंतर, तेवढंच हलकं.
अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता,
पण मलबारी, बलुच, आमचे दोन मालवणी,
सगळ्यांचे हात थांबले,
घरून हाक आल्यासारखे.
खाली साहेबांनी मान वर केली.
टोपीखाली डोळे दिसेनात.
मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं,
आणि कुठून, तेही.
एक शब्द, आणि माझी बोट निघाली असती.

त्यांनी घड्याळ पाहिलं.
नकाशाची गुंडाळी काखेत मारली
आणि कमरेएवढ्या भिंतीच्या वीतभर सावलीत
दक्षिणेला पाठ लावून
जमिनीवर टेकले.
एकेक करून बाकीचेही आले.
साहेबांनी पाय आखडून जागा केली.

मी वरच राहिलो.
तलवार नव्हती, थापी होती.
कोणीतरी दारावर असावं लागतं.