नियमित क्रियापद

आठवीच्या धड्यात शब्द आला: पिअर्स.
फळ्यावर लिहिला. खडू मध्येच तुटला.
जिंतूरची मार्चमधली दुपार, डोक्यावर पत्रे तडतडत होते
आणि शाळेमागं बोअरची गाडी कालपासून
जमिनीत दांडे उतरवत होती,
म्हणून ओरडूनच सांगितलं: म्हणजे टोचणे.

"कसं टोचणे, मॅडम?" सुमेध घोबाळे उभा.
"काटा टोचतो तसं, का इंजेक्शन टोचतेत तसं?"
मी म्हटलं, काटा रुततो. खडा खुपतो.
धसकट बोचतं, आणि बोलणंही.
पिअर्स म्हणजे नुसतं आत जाणं नाही रे,
बऱ्याचदा पलीकडून निघणं.
"मग दाभण," मागच्या बाकावरून अफसर,
ज्याचा बाप मोंढ्यात पोती शिवतो.
दाभण. याहून चांगलं मला सुचलं नसतं.

पुस्तकात मात्र असंही होतं की
किंकाळीनं शांततेला पिअर्स केलं.
शांततेला पलीकडची बाजू असते का,
हे कुणी विचारलं नाही. सुटले.

भूतकाळ सोपा. शेवटी एक डी.
नियमित क्रियापद आहे, आतून काही बदलत नाही.
मग कर्मणी प्रयोग: तिचे कान टोचले गेले.
कुणी टोचले, ते सांगायलाच पाहिजे असं नाही.

इथं मी अडले.
कारण या गावात ते सांगावं लागायचं.
"कुणाकडून टोचले?"
"उदावंताच्या नानाकडून, दुसऱ्या कुणाकडून?"

नाना माझे वडील.
पोर मांडीवर आलं की आधी पाळी चोळायचे,
उजेडाकडं धरून शिरा बघायचे,
शाईचा ठिपका द्यायचे, पुसायचे, केसभर सरकवून पुन्हा द्यायचे.
मग सहज विचारायचे, "तुमच्या म्हशीचं नाव काय गं?"
पोर आठवायला लागायचं
आणि उत्तराच्या आधी तार पलीकडं.
रडणं नंतर.
म्हशीचं नाव त्याच्याही नंतर, हुंदक्यातून.

"टोचायला काय लागतंय," म्हणायचे,
"जागा सापडायला वेळ लागतो."
त्या वेळेला आपल्यात वेध म्हणतात.
ग्रहणाआधी लागतो, माहेराआधी लागतो.
शब्दकोशात पिअर्सपुढं तो मला सापडला नाही.
मागच्या गाडीवर ठळक अक्षरात विंधन लिहिलंय,
तिथंही वेध कुणी घेतला, देव जाणे.
तीन ठिकाणी नुसता फुफाटा निघाला.

नानांचा हात आता थरथरतो.
बसस्टँडसमोरच्या पार्लरात बंदूक आलीय:
टक्. शंभर रुपये. म्हशीची चौकशी नाही.
नाना ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे कान बघतात.
"ही माझी," म्हणतात. "ही बी.
हिचा डावा जरा खाली गेला,
त्या दिवशी लाईट गेलती."

"मॅडम, माझं तर बुजलं."
तेजल टाकळकर. केस बाजूला करून दाखवत होती.
पाळीवर टाचणीच्या डोक्याएवढी गाठ, बस.
बाळ्या आईच्या दवाखान्यात गेल्या,
भोकात लिंबाची काडी घालायची राहून गेली.
"मग माझं पिअर्स्ड म्हणायचं का नाही?"

गाडी तेवढ्यात थांबली.
एवढी शांतता की खडूचे कण पडताना ऐकू यावेत.
नियमानं म्हणायचं. झालेलं ते झालं.
पण बुजण्याचं रूप कुठल्याच रकान्यात नव्हतं
आणि मला खोटं बोलायचं नव्हतं.

तिला जवळ बोलावलं. पाळी बोटांत धरून
खिडकीकडं वळवली, चोळली,
आणि तोंडातून आपोआप गेलं,
"तुमच्या म्हशीचं नाव काय गं?"

"म्हैस नाही आमच्यात," ती म्हणाली.
लगेच. डोळे उघडे ठेवून.