निव्वळ

जालन्याच्या एमआयडीसीत साठ टनी काटा आहे,
त्याच्या खिडकीत मी बसते.
भंगाराची गाडी येते, भरलेली. आकडा लिहिते.
तीच परत येते, रिकामी. आकडा लिहिते.
भरल्यातून रिकामं वजा केलं की उरतं ते निव्वळ.
अकरा वर्षं एवढंच गणित,
आणि त्यात मला कुणी फसवलेलं नाही.
भरल्या गाडीत क्लीनर झोपवतात ताडपत्रीखाली,
मी खिडकीतूनच ओरडते,
उतर रे, पाय दिसू लागलेत.

घरचा काटा मात्र सहा आठवडे
अठ्ठ्याहत्तर चारवर बसलाय, रुसलेल्या व्याह्यासारखा.
उपाशीपोटी, बांगड्या काढून, श्वास सोडून:
अठ्ठ्याहत्तर चार.

वहीत सगळं आहे. तेराशे कॅलरी, कधी साडेबाराशे.
भाकरी दोन्ही वेळची एकेक, वरण, मेथी, ताक.
पहिले सात किलो भराभर उतरले,
नणंदेनं विचारलंही, तब्येत बरी हाय ना गं?
मग हे.
गुडघ्याच्या दवाखान्यातली आहारवाली पोरगी, शिफा,
म्हणाली, ताई, ह्याला पठार म्हणतात.
मला हसू आलं. मी पाटोद्याकडची,
पठारावरच जन्मले.
चढ संपला की माणूस तासन्‌तास चालतं तिथं,
मागचं झाड मागं दिसतच राहतं,
पुढचं गाव काही येत नाही.

भाकरी मोजली का, शिफानं विचारलं.
मोजली की. एक.
तशी नाही ताई. पीठ.

रविवारी तळहाताएवढा काटा ओट्यावर ठेवला,
नेहमीच्या हातानं एका भाकरीचं पीठ काढलं.
एकशे वीस ग्रॅम.
वहीत शंभर कॅलरीची, परातीत चारशेची.
हात आईचा आहे माझा,
आणि आईची भाकरी रानात जाणाऱ्याची होती.
मी खुर्चीत बसते.

मग एकेक दिसायला लागलं.
चवीपुरती शेंगदाण्याची चटणी, तीन चमचे.
फोडणीचं तेल, डोळ्यानं घातलेलं.
डायव्हर लोकांचा चहा, अर्धा म्हणजे नाहीच धरलेला,
असे दिवसाला सात अर्धे.
आदिनाथच्या ताटात उरलेला भात, टाकवत नाही म्हणून
मोरीजवळ उभ्यानं खाल्लेला.
उभ्यानं खाल्लेलं वहीत बसत नाही.

म्हणजे क्लीनर होताच.
माझ्याच गाडीत, ताडपत्रीखाली,
आणि खिडकीत मीच.

राग आला, अर्धा तास टिकला.
मग साठ ग्रॅम पीठ काढलं.
एवढीशी भाकरी बघून तवाच मोठा वाटला.
आदिनाथ म्हणाला, ही कुणाच्या बाळाची?
लातूरकडच्या रफिकभाईंना म्हटलं,
माझा बिनसाखरेचा सांगा.
कामून, म्हणाले, लगीन करायलाव का परत?

बारा दिवस काही नाही.
तेराव्या दिवशी अठ्ठ्याहत्तर एक.
मग परत तीन. त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही.
काल सत्त्याहत्तर नऊ.

संध्याकाळी रांग सरल्यावर
मोठ्या काट्यावर जाऊन उभी राहिले,
चपला काढून, तापलेल्या लोखंडावर एकटी.
आत सुखदेव होता. म्हटलं, वाच.
ऐंशी, म्हणाला.
तो काटा दहाच्या पटीतच बोलतो,
त्याच्या लेखी मी हललेलीच नाही.
पंच्याहत्तरच्या खाली गेले की एकदम सत्तर म्हणेल,
एका रात्रीत दहा किलो,
आणि लोक विचारतील, काय खाल्लंस गं?

पावती काढ, म्हटलं.
गाडी क्रमांकाच्या जागी त्यानं वैजयंता टाकलं.
भरलेली: ऐंशी.
रिकामी किती लिहू, ताई?
राहू दे, म्हटलं,
ती गाडी अजून यायचीय.